बारीक विणीचा तुकडा

धाकटी बहीण माझ्या कडेवर वाढली. तिला सांभाळायचं म्हणून चौथीनंतर माझी शाळा सुटली. ती मात्र शिकली आणि शाळेत विज्ञान शिकवू लागली.

एका दिवाळीच्या सुट्टीत ती आमच्या गोडादरा वस्तीतल्या खोलीवर राहायला आली. माझी मुलगी दिवसभर मावशीच्या मागे. दुपारी बहिणीने दार लावलं आणि पेनाएवढ्या लेझरचा लाल उजेड साडीच्या तुकड्यातून भिंतीवर पाडला. एका ठिपक्याच्या ओळीच्या ओळी झाल्या.

"धागे जितके जवळ, तितके ठिपके लांब लांब पडतात," ती म्हणाली. "ताई, आता तुझ्याकडचं सगळ्यात बारीक विणीचं कापड दे."

मी मजुरीवर घरी साड्यांचे लोंबते धागे कापायची. कापडाची वीण मला बोटांनीच कळायची. मुलगी मावशीच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. माझ्याकडे तिने तसं कधी बघितलं नव्हतं. मी बारीक विणीचा तुकडा मांडीखाली सरकवला आणि जाड विणीचा पुढे केला.

ठिपके लांब जायच्या ऐवजी आणखी जवळ आले.

"मावशी, तुझं चुकलं," मुलगी हसली. मला बरं वाटलं.

"चुकलं खरं," बहीण म्हणाली. "कापडाच्या बाबतीत ताईचा हात चुकत नाही. म्हणजे मलाच काहीतरी कळलेलं नाही."

ती वही काढून आकृती काढू लागली. तिचं काय चुकलं ते बघायला मुलगी तिला आणखी खेटून बसली. बारीक विणीचा तुकडा अजून माझ्या मांडीखालीच होता.