गुलाबी पोटाचा कुरव

माझे धाकटे दीर घड्याळं दुरुस्त करायचे. दुकान बंद होऊन बरीच वर्षं झाली, तरी लोक त्यांना भिंगवालेच म्हणतात. गिऱ्हाईक आलं की ते त्याच्यादेखतच घड्याळाचं झाकण उघडत आणि आतल्या बाजूला सुईनं बारीकशी खूण करत. "उद्या म्हणाल, मशीन बदललं," असं तोंडावर सांगत. गिऱ्हाईक चिडे, पण घड्याळ चाले, म्हणून पुन्हा येई.

आमचे हे गेल्यापासून भावजी माझ्याकडेच मागच्या खोलीत राहतात. चहा दिला की आधी कपात डोकावतात.

"साखर कमी केलीत ना, वहिनी? डॉक्टरांनी फितवलंय तुम्हाला."

"भावजी, आधी ढवळा तरी."

दुकान गेलं तसं त्यांना कुणी काही विचारेनासं झालं. मग ते पक्षीमंडळात जाऊ लागले. थंडीच्या तोंडावर आमच्या किनाऱ्यावर लांबून पक्षी उतरतात, तेव्हा मंडळ त्यांची गणना करतं. धक्क्याच्या टोकाची जागा भावजींची. त्या दिवसांत ते स्वतः शर्टाला इस्त्री करतात.

पण गेल्या वर्षी गडबड झाली. चिखलात रुतलेली मोडकी छत्री त्यांनी काळा करकोचा म्हणून कळवली. सगळे धावत गेले. मंडळाच्या प्रमुख एक निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, सगळे त्यांना बाई म्हणतात. त्या अजून विचारतात, "काय भिंगवाले, छत्री उडाली का?" यंदा तर त्यांनी बजावलंच होतं, "पुन्हा असं झालं, तर धक्क्यावर दुसरं कुणी उभं राहील."

म्हणून या मोसमात गुलाबी पोटाचा कुरव, म्हणजे सीगल, दिसला, तेव्हा भावजींनी आधी मलाही सांगितलं नाही. चार दिवस गप्प गप्प होते. मला वाटलं, तब्येतीचं काही लपवताहेत. शेवटी मीच खनपटीला बसले.

"कुणाला बोलणार नाही ना?"

"मी कुणाला बोलणार? भिंतींना?"

"भिंतीपलीकडे बाईंची भाची राहते."

मग हळूच म्हणाले, की एक दुर्मीळ जातीचा कुरव असतो, त्याच्या पांढऱ्या पोटावर गुलाबी झाक असते, आणि तो इथे आलाय. कळवावं तर पुन्हा छत्रीसारखं हसं होईल, न कळवावं तर आपल्याआधी दुसरंच कुणीतरी कळवेल, अशी त्यांना धास्ती होती. मीच त्यांना मंडळात पाठवलं.

दुसऱ्या दिवशी बाई धक्क्यावर आल्या, तोंडावर अविश्वास घेऊनच. दुर्बिणीतून बराच वेळ पाहिलं. मग डोळा न काढता म्हणाल्या, "भिंगवाले, अहो, जिंकलात की!" कुणीतरी भावजींच्या पाठीवर थाप मारली. भावजी घरी आले ते शीळ घालत. मी त्यांना शीळ घालताना पूर्वी कधी ऐकलं नव्हतं.

ती शीळ दोन दिवस टिकली. मग त्यांना स्वतःच्याच पक्ष्याचा संशय येऊ लागला. झाक एकाच बाजूला जास्त का? वाळूत त्यांना त्याचं एक पीस सापडलं. खिडकीत बसून त्यांनी ते भिंगाखाली धरलं, मग नाकाशी नेलं आणि माझ्यापुढे केलं.

"वास घ्या."

रंगात मिसळतात त्या टर्पेंटाइनचा वास होता.

धक्क्यामागे होड्या पालथ्या घालून त्यांना लाल रंग देतात. सकाळच्या उन्हात लाकूड तापलं की कुरव ऊब घ्यायला त्यावर बसतात, रंग ओला असला तरी. भावजी तडक बाईंकडे गेले. मीही सोबत गेले.

बाईंनी पीस पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. "त्या दिवशी कळवलंत, आज मागे घेता? आम्ही तिथून हललो की तुम्ही एकटेच फोटो काढणार, असंच ना?"

"बाई, तो साधा कुरव आहे. रंग लागलाय त्याला."

"मी स्वतः पाहिलाय. माझ्याही डोळ्यांवर शंका?"

भावजींनी होड्या रंगवणाऱ्याला साक्षीला आणलं. तो दारातूनच म्हणाला, "मी होड्या रंगवतो, पाखरं नाही. उद्या एखादं मेलं तर माझ्या माथी माराल." आणि चालता झाला.

वाटेत भावजी म्हणाले, "छत्रीला करकोचा म्हटलं तेव्हा यांनी धावत येऊन बघितलं तरी. खरं सांगितलं तर पीस हातातसुद्धा धरलं नाही."

"मग गप्प बसा. पक्षी तुमच्या नावावर आहे, धक्काही तुमचाच आहे."

त्यांच्या चालीवरून मला कळलं, की ते गप्प बसणार नाहीत. पिसांना ऑइलपेंट चिकटला की पाणी आत शिरतं आणि पक्षी गारठून मरतो, हे त्यांनीच मला मागे सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझी जुनी चादर आणि एक बांबू घेऊन गेले. होड्या वाळेपर्यंत तिथे उभे राहून ते कुरव हाकलत होते. पलीकडच्या वाळूवर मंडळाच्या दुर्बिणी होत्या, आणि त्या पक्ष्यांवर नव्हत्या, आमच्या भिंगवाल्यांवर होत्या. संध्याकाळी बाई घरी आल्या.

"खरं सांगा, पक्षी हाकलून कुठे न्यायचा बेत आहे त्यांचा?"

"ओल्या रंगावरून दूर," मी म्हटलं. "दुसरीकडे कुठे नाही."

"तुम्ही त्यांच्या वहिनी. तुम्ही असंच म्हणणार."

गणनेत धक्क्यावर यंदा दुसरं कुणी उभं राहील, असं त्या जाता जाता सांगून गेल्या. भावजी आत बसून सगळं ऐकत होते. मला वाटलं, आता बाहेर येऊन भांडतील. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "वहिनी, आणखी एक चादर आहे का? उद्या मोठी होडी रंगवणार आहेत."