बायकांचा बाक

१५ मार्च १९७३. सकाळी थोडा गारवा, अकरानंतर कडक ऊन. वारा अजिबात नाही. आज दुकानात बायकांसाठी बाक आला.

वहीतल्या त्या दिवसाच्या पानावर एवढंच लिहिलेलं आहे. चपलांच्या दुकानात किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. दिवसभर खाली मान घालून लोकांचे पाय बघत बसलं, की खोक्यांवरच्या धुळीसारखे ते आपोआप साठतात. धूळ निदान झटकता तरी येते! मी ते वहीत उतरवून ठेवले. आता वही उघडली, की बापू हसतो आणि मी वही मिटतो.

बापू म्हणजे आमचा पुरुषांच्या काउंटरवरचा सेल्समन. मी बायकांच्या काउंटरवर. दुकान कराडला. मालकांचं मूळ दुकान सांगलीला, कराडची ही शाखा. आठवड्यातून एकदा मालक येऊन गल्ल्यावर बसत.

बायकांच्या चपलांची एक रड होती. विकल्या जायच्या आणि चार दिवसांत परत यायच्या. चावली, घासली, अंगठा सोलला. कारण सोपं होतं. जिच्या पायात जायची, तिनं ती आधी घातलेलीच नसायची! नवरा यायचा, भाऊ यायचा, सासरा यायचा. बाई आलीच तर उभ्या उभ्या साडीच्या काठाखाली चप्पल लपवून बघायची आणि ‘बरी हाय’ म्हणायची. परक्या पुरुषापुढं पाय कसा करायचा?

म्हणून मी मालकांकडं एक बाक मागितला. पुढं पडदा, खाली आरसा. बाईनं आत बसावं, निवांत घालून बघावं.

मालक म्हणाले, “नाना, बायका दुकानात बसत नसतात. उभ्या राहतात.”

मी महिनाभर मागं लागलो. शेवटी ते कंटाळले. “वैशाख संपेपर्यंत ठेवू. तेवढ्यात एका तरी बाईनं त्या बाकावर बसून, स्वतःच्या पायात घालून, स्वतःच्या पसंतीनं जोड नेला, तर बाक राहील. नाही तर मागच्या खोलीत!”

अडीच महिने. बाई फक्त एक हवी होती. मला वाटलं, आठवड्याचं काम आहे.

*

पहिल्याच आठवड्यात कुंडलचे एक गृहस्थ आले. बायकोसाठी चप्पल हवी होती. मी म्हटलं, “बाईंना आणायचं होतं की. बाक ठेवलाय.”

“तिला कशाला तरास? माप आणलंय न्हवं!”

लोक माप आणायचे ते सुतळीचं, नाही तर काडीचं. या गृहस्थांनी खिशातून उसाचं कांडं काढलं. बायकोच्या पायाला लावून नीट तोडलेलं. मी ते पट्टीवर ठेवलं. एक टोक विळ्यानं सरळ कापलेलं, दुसरं चांगलंच चोथा झालेलं.

“हे असं कसं?”

ते जरा ओशाळले. “गाडीत लय उकडाय लागलं. हातातच हुतं, गेलं तोंडात. बोटभर गेलं आसंल.”

बोटभर धरून मी पाच नंबर दिला. आठ दिवसांनी जोड परत! बाईंच्या टाचा अर्धा इंच मागं लोंबत होत्या म्हणे. गृहस्थ शांतपणे म्हणाले, “मग दोन बोटं खाल्लं आसंल. एक नंबर वाढवून द्या.”

*

मग कोरेगावाकडचे लष्करातले एक हवालदार. दोन महिन्यांच्या रजेवर आलेले. त्यांना बायकोसाठी उंच टाचेची सँडलच हवी होती. “आमच्या छावणीत साहेबांच्या मेमसाब घालत्यात, तसली. एकदम फर्स्टक्लास चीज दाखवा!”

दाखवली. त्यांनी टाच काउंटरवर तीनदा आपटली. बंदुकीचा दस्ता आपटावा तशी. पसंत!

मी विचारलं, “गाव सपाटीला की चढाला?”

“चढाला. डोंगरातच हाय.”

“मग ही नका नेऊ. टाच चार बोटं आहे, पाय मुरगळेल. उन्हाळ्यात पाय सुजतो, दुपारनंतर अर्धा नंबर वाढतो. ही बघा. बोटं उघडी, तळ मऊ, पट्टा रुंद, टाच बोटभर. रंग फिका आहे, दिसायलाही झक्क. बाईंना एकदा आणा, बसून घालू देत, त्या सांगतील.”

“ती काय सांगणार? बघायची मला हाय!”

“पण चालायचंय त्यांना.”

“मी रजेवर हाय तवर घालंल. दोन म्हैनं.”

“आणि एरवी?”

हवालदारांनी माझ्याकडं असं बघितलं, की जणू मीच काही तरी वेड्यासारखं विचारलंय. “एरवी कशाला? एरवी अनवाणीच हाय की!”

*

चैत्रात लग्नाच्या खरेदीला एक वऱ्हाड आलं. अकरा माणसं, आणि त्यात प्रत्यक्ष नवरी! मी बापूला डोळ्यानं खुणावलं. आज काम फत्ते.

मी म्हटलं, “नवरीला बाकावर बसवा.”

नवरीची होणारी सासू म्हणाली, “थांबा, आदी ह्यं ठिवू द्या.” आणि लुगड्यांची गाठोडी, भांड्यांची पाटी, बांगड्यांचं खोकं असं सगळं बाकावर ठेवलं. उरलेल्या जागेत नवऱ्याची आत्या बसली. नवरी भिंतीला टेकून उभी.

आत्यानं सँडल स्वतःच्या पायात घातली. “मला झाली म्हंजी तिला हुतीया.”

सासूनं बोटानं दाबून बघितली. “सोनेरी द्या. फोटोत दिसाय पायजे.”

सासऱ्यानं लांबूनच सांगितलं, “एक नंबर मोठा द्या. पोरगी वाढती हाय.”

मी पुढं होऊन सोनेरी जोड नवरीच्या पायांपुढं ठेवला. तिनं घातला. दोन पावलं टाकली. आणि खाली बघत, अगदी हळू म्हणाली, “टोचतंय.”

सगळ्यांनी ऐकलं होतं. मी पटकन दुसरं खोकं उघडायला लागलो.

सासू म्हणाली, “लगीन हाय, टोचणारच! बांधा हो दादा!”

*

बापूला माझी दया आली असावी. म्हणाला, “नाना, घरचीच बाई आणा की. वैनी बसल्या म्हंजी अट पुरी!”

मला ते आधी का सुचलं नाही कुणास ठाऊक. घरी सांगितलं. बायको दोन दिवस नाही म्हणाली, तिसऱ्या दिवशी आली. दुकानाच्या पायरीपर्यंत आली, आत बघितलं, डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि आल्या पावली परत गेली.

आत माझे थोरले बंधू बापूकडून वहाणा घेत होते!

घरी मी म्हटलं, “पडदा होता की.”

“पडद्याखालनं पाय दिसत्यात. थोरल्या भाऊजींच्या म्होरं पाय करून बसू व्हय?”

मी दुसऱ्या दिवशी पट्टी घेऊन मोजलं. पडदा जमिनीपासून नऊ इंच वर होता. तिचं खरं होतं. शिंप्याकडून दहा इंचांची पट्टी जोडून घेतली आणि तिला सांगितलं, “आता काही दिसत नाही.”

ती म्हणाली, “मग तर न्हाईच. लोक म्हंतील, पडद्याआड एवढं चाललंय काय!”

मी कपाळाला हात लावला. म्हटलं, “बरं, मी आणेन ती घालशील?”

“घालीन की.”

“आणि चावली तर?”

“तुमी आणलेली पंचवीस वरसं चावतीच हाय,” ती भाकरी थापत म्हणाली. “कवा बोलले?”

त्या रात्रीचं पान कोरं आहे. फक्त तारीख आणि हवा लिहिली आहे. ढगाळ, उकाडा.

*

मेच्या मध्यात मात्र खरी आशा वाटली. इंजिनिअरिंग कॉलेजातल्या एका प्राध्यापकांच्या पत्नी आल्या. पुण्याच्या. एकट्या! हातात मासिकातून कापलेलं चित्र. जाड तळाची, फॅशनची सँडल.

मी म्हटलं, “ही दिसते छान, पण वजनाला वीट आहे. आपल्या उन्हात तळ तापतो.”

“मग तुम्ही काय सुचवता?”

अकरा वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं! मी सहा खोकी काढली. त्यांनी पट्टे वाकवून बघितले, तळ दाबून बघितले, नेमके प्रश्न विचारले. पांढऱ्या पट्ट्याची एक हातात धरून म्हणाल्या, “ही घालून बघू का? बसायला जागा आहे का कुठं?”

“आहे तर! खास बायकांसाठी!” मी जवळजवळ ओरडलोच. त्या पुढं, मी खोकं घेऊन मागं. मीच हात लांब करून पडदा सरकवला.

बाकावर बापू आडवा झोपला होता. तोंडावर रुमाल, पोटावर हात, अंगात फक्त बंडी. महिनाभर दुपारची झोप तिथंच काढत होता म्हणे. आता पडदा खालपर्यंत आला होता, त्यामुळं बाहेर काही दिसत नव्हतं.

बाईंनी हातातली पांढरी सँडल काउंटरवर टाकली आणि त्या रस्त्यावर जाऊन पोचल्या तरी ती हलत होती.

बापू डोळे चोळत उठला. “कोण हुतं?”

“गिऱ्हाईक.”

“आन् गेलं? मग बसवायचं न्हाई का नाना!”

*

३० मे. दुपारी रस्त्याचं डांबर मऊ झालेलं. वैशाखाचे दोन दिवस उरले होते, पण मालकांची त्यातली ही शेवटची फेरी, म्हणजे निकाल आजच. मालक सांगलीहून आलेले, गल्ल्यावर पंख्यानं वारा घेत बसलेले. बाकाकडं एकदा बघून माझ्याकडं बघितलं.

दीडच्या सुमारास एक बाई दारात येऊन थबकली. चाळिशीची. अनवाणी. डांबरावरून आल्यानं पाय आलटून पालटून उचलत होती. घोट्यापर्यंत खडीची पांढरी भुकटी मुरलेली.

“आवं, जरा सावलीला हुबी ऱ्हाऊ का? गाडी साडंतीनला हाय. आटपाडीची.”

“उभ्या कशाला? बसा की,” मी म्हटलं. आणि सवयीनं पुढचंही बोलून गेलो, “बसा, घालून बघा, पसंत करा.”

ती सरळ जाऊन बाकावर बसली. पडदा ओढला नाही, पदरही सारखा केला नाही. दोन्ही पाय पुढं करून म्हणाली, “दावा.”

मालकांचा पंखा थांबला.

मी तांब्याभर पाणी दिलं. तिनं दारात पाय धुतले, लुगड्याला पुसले, परत येऊन बसली. टाचांच्या भेगांत पाणी गेलं तरी पांढरं तसंच होतं. दुष्काळी कामावर खडी फोडते म्हणाली. कराडला लेकीला सासरी सोडायला आली होती.

मी मापपट्टी लावली. सहा नंबर, चवडा रुंद.

पहिली काळी दिली. “ही अंगठ्याला दाबतीया.”

दुसरी. “ह्येचा पट्टा टाचंवर घासतोय. दोन कोसांत सोलून काडंल.”

तिसरी. “मऊ हाय, पर रंग बगा की वो, शेणावानी! चांगली दिसाय नगं?”

बापू हसला. ती म्हणाली, “हसतोस काय रं? तुज्या बायकूला दे जा शेणाची!”

चौथी टक-टक वाजते म्हणून गेली. पाचवीचा तळ तापेल म्हणून गेली. सहावीत बोटं कोंडतात. मी खोकी काढत होतो आणि ती चुकत नव्हती. जे मी अकरा वर्षं नवऱ्यांना समजावत होतो, ते ती पाय घालताक्षणी सांगत होती.

नववी फिक्या पिवळ्या पट्ट्याची. बोटं उघडी, मऊ तळ, बोटभर टाच. ती उभी राहिली. दारापर्यंत गेली, परत आली. पुन्हा गेली. चार फेऱ्या. आरशापुढं एक पाय, मग दुसरा.

“भाईर चालून बगू?”

मी मालकांकडं बघितलं. त्यांनी मान हलवली. ती डांबरावर उतरली, समोरच्या किराणा दुकानापर्यंत सावकाश चालत गेली, तिथं क्षणभर उभी राहिली आणि सावकाश परत आली. बाकावर बसून पदरानं तळ पुसले.

“हीच. लय हलकी हाय. पायात हाय का न्हाई, ठावंच लागंना. आन् दिसाय बी कशी, बगा!”

बापू पुढं येऊन उभा राहिला होता. मालकही गल्ल्यावरून उठले होते. मी खोकं पुढं केलं. “बांधू, की पायातच राहू देता?”

तिनं आधी एक काढली, मग दुसरी. दोन्ही जुळवून बाकावर ठेवल्या.

“न्हाई. घ्याची न्हाई.”

मालक म्हणाले, “अहो बाई, मग दीड तास चाललं होतं काय?”

“ह्येंनीच म्हनलं न्हवं? बसा, घालून बगा, पसंत करा.” तिनं माझ्याकडं बोट केलं. “केली की पसंत!”

मी म्हटलं, “न्या. माझ्याकडून न्या. भाऊ समजा.”

ती हसली. “आन् घालू कुठं? खडीवर? चार दिसांत वाटुळं हुईल, दादा. ऱ्हाऊ दे हितंच. चांगली ऱ्हाईल.”

मालकांनी विचारलं, “नाना, जोड गेला का?”

“नाही.”

तीन वाजून दहा मिनिटांनी ती दुकानांच्या सावली-सावलीनं स्टँडकडं गेली. जोड खोक्यात परत ठेवला. सहा नंबर, पिवळा पट्टा. चार वाजून पाच मिनिटांनी बापूनं आणि मी बाक मागच्या खोलीत नेला.