वनमालाबाईंची हाक

भटवाडीच्या चाळीत पाणी पहाटे यायचं आणि वनमालाबाई परब एका हाकेत घर उठवायच्या, "अवो उठा, पाणी इलां!" त्या आजारी पडल्या तेव्हा मुलाने, सुयोगने, ती हाक फोनवर टिपली आणि साबणाच्या वडीएवढ्या एका लिनक्सवर चालणाऱ्या छोट्या कॉम्प्युटर-यंत्रात घालून स्पीकर जोडला. यंत्र रोज पहाटे हाक मारू लागलं. पुढे बाई गेल्या. हाक राहिली.

मग चाळ पडून टॉवर झाला. तिथे पाणी चोवीस तास, पण हे यंत्राला कोण सांगणार? त्याला स्वतःचं घड्याळही नाही. वेळ ते इंटरनेटला विचारणार, आणि नव्या घराचं वायफाय त्याला ठाऊक नाही. त्यामुळे लाइट जाऊन आली की हाकेचा नेम नाही. कधी भर दुपारी, कधी ऐन पाहुण्यांत. आणि बाईंचे यजमान जयवंतराव चहा तसाच टाकून बादली लावायला नळाकडे!

"परब, टाकी पळून चाललीय का?" शेजारच्या रत्नप्रभाबाई विचारायच्या.

जयवंतराव हसायचे. पण संध्याकाळचा कट्टा त्यांनी सोडला होता. आपण खाली गप्पा मारत बसलो आणि ती वर रिकाम्या घराला हाक मारून गेली तर?

यंत्रात शिरून वेळ सुधारायची, तर पासवर्ड हवा. सुयोग कॅनडातून म्हणाला, "बाबा, मीच ठेवला, मीच विसरलो." हाक टिपलेला जुना फोनही तो विकून मोकळा झालेला.

रविवारी गोरेगावहून पुतणी श्रुतिका आली. ती कॉम्प्युटरवालीच. कुलदेवीपासून मांजरापर्यंत सगळी नावं घालून झाली. यंत्र ढिम्म.

"काका, सोप्पं सांगू? यंत्राचं मेमरी कार्ड पुसून नवीन भरते."

"आणि हाक?"

"ती पण जाईल ना."

"मग र्‍हावंदे गो. अवेळी तर अवेळी."

श्रुतिकाने त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा बसली. यंत्रातलं कार्ड काढून तिने लॅपटॉपला लावलं. सुरू होताना यंत्र जी फाइल वाचतं, तिच्यात दोन शब्द जोडले. कार्ड परत घालून यंत्र टीव्हीला जोडलं, आणि ते काही न विचारता थेट आत घेऊन गेलं.

"घरचा दरवाजा उघडाच होता म्हणायचा," जयवंतराव म्हणाले.

"कार्ड हातात असेल तर, काका. आता नवीन पासवर्ड लिहून ठेवा हां." जोडलेले शब्द तिने काढून टाकले, वायफाय घातलं. मग म्हणाली, "इथे आणखी एक फाइल आहे. लांबलचक. सुयोगने हाक हिच्यातूनच कापलेली दिसते."

लावली. "अवो उठा, पाणी इलां!" मग बराच वेळ जयवंतरावांचं घोरणं. मग पाण्याच्या भांड्याचा आवाज, आणि, "उठतास काय वतू तोंडार?"

श्रुतिका फिसकन हसली. जयवंतराव हसले नाहीत. एक हाक ऐकून ते आयुष्यात कधी उठले नव्हते. यंत्राने मात्र त्यांना शहाणं करून टाकलं होतं.

"हीच लाव, पुरी," ते म्हणाले. "चाळीच्या वेळेला."

"इथे पहाटे पाणी भरायचंय कुणाला?"

"तू लाव गो."

दुसऱ्या दिवशी अंधारात हाक आली. जयवंतराव कधीचे जागे होते. त्यांनी चादर तोंडावर ओढली आणि हलले नाहीत. भांडं वाजायची वाट बघत पडून राहिले.