पट्ट्याचा आठ

उलट फिरणारी करवत ट्रॅक्टर न वळवता सुलट कशी फिरवावी, या प्रश्नाचे उत्तर येथे द्यायचे आहे. उत्तर लहान आहे; ते मला महागात पडले, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

एकाहत्तर-बाहत्तरचा काळ. कोपरगावाजवळ माझ्या सासरची लाकडाची वखार होती. पट्ट्यावर चालणाऱ्या चक्री करवतीचे जुने इंजिन बंद पडले, तेव्हापासून दोन मुठींच्या मोठ्या करवतीने ओंडके कापत असू. एक मूठ यजमानांच्या हाती, दुसरी माझ्या. तिसगावच्या शाळेत शिक्षिका म्हणून माझी नेमणूक झाली होती आणि सोमवारी हजर व्हायचे होते. सासऱ्यांना मी मामा म्हणे. ते म्हणाले, "चक्री चालू हुदे, मग खुशाल जा. तवर दुसरी मूठ कोन धरनार?"

शनिवारी शेजारच्या ऊसवाल्याचा ट्रॅक्टर आला. त्याच्या मागच्या चाकीवरून, म्हणजे पुलीवरून, करवतीच्या चाकीवर पट्टा चढवला. करवत फिरली, पण उलटी. दात लाकडाला न चावता पाठीने घासू लागले. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला ओंडक्यांचा ढीग. ट्रॅक्टर वळवायला जागा नव्हती.

ड्रायव्हर वरून ओरडला, "पट्ट्याला आठ घाला, आठ!"

मामांनी काठीने मातीत ८ काढला. "म्हंजी पट्टा असा वाकडा पायजे." ट्रॅक्टर तिरका लावला. पट्टा पहिल्याच फेऱ्यात निसटला. आणखी तिरका केला, तरी निसटला.

"अवो मामा, आठ म्हनलं म्या, कोयता न्हाई!"

"मग ह्यो काय हाय? चौथीपातुर शिकलोय मी!"

मातीतला तो अंक पाहून चूक माझ्या ध्यानात आली. मराठी आठ एका बाजूने उघडा असतो. त्याची रेघ स्वतःला कोठेही छेदत नाही. ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर मात्र ट्रॅक्टरवरच्या घड्याळातला, मध्ये स्वतःला छेदणारा इंग्रजी आठ होता. मी शेजारी 8 काढला.

"ह्योच! वहिनींनी वळखला बगा!"

ट्रॅक्टर सरळ लावून पट्ट्याला मध्ये एक तिढा दिला आणि करवत सुलट फिरली. सरळ पट्ट्याने दोन्ही चाक्या एकाच दिशेने फिरतात, तिढ्याच्या पट्ट्याने परस्परविरुद्ध. मात्र तिढ्याशी पट्ट्याच्या दोन्ही बाजू एकमेकींवर घासतात व पट्टा सरकू लागतो; म्हणून तेथे सतत कुणाची तरी नजर लागते.

मामा खूश झाले. "पट्ट्याची राखन आता तुज्याकडं."

"मामा, सोमवारी मला तिसगावला जायचंय."

"जा की. आमी न्हाई कुठं म्हनतोय? पन पट्टा उतरला तर तुजा ह्यो इंग्रजी आठ आमाला घालता येतोय व्हय?"

मी यजमानांकडे पाहिले. ते ओंडका पुढे सरकवत राहिले.

सोमवारी मी भिंत आणि पट्टा यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत उभी होते. पट्टा चालू असेतो तेथून बाहेर पडायला वाट नसे. पुढे शाळेतली ती जागा दुसऱ्या कुणाला मिळाल्याचे कळले.

वाचकांनी दोन रिकामी रिळे दोन खिळ्यांवर बसवावीत, त्यांवर दोऱ्याचा ताठ फेरा घालावा आणि एक रीळ फिरवावे. मग दोऱ्याला तिढा देऊन पुन्हा फिरवावे. माझ्या सांगण्यावर विसंबू नये, दिशा स्वतः तपासून पाहावी, ही विनंती.