दोन सीटची गाडी

आमची गाडी दोन सीटची होती. छप्पर कापडी, हवं तेव्हा मागे दुमडून ठेवता यायचं. ह्यांच्या इन्स्टिट्यूटमधले एक मोठे साहेब लखनौ सोडून गेले, तेव्हा ती आमच्याकडे आली. तेव्हाच ती बरीच जुनी होती.

दर रविवारी हे बॉनेट उघडायचे आणि मी शेजारी स्टुलावर बसायची. हे प्लग काढून द्यायचे, मी ते रॉकेलमध्ये बुडवून दातांच्या जुन्या ब्रशने घासायची. छपराची शिवण उसवली की गोधडीच्या दाभणाने टाके मीच घालायची. एरवी मला ह्यांच्याशी बोलायला सुचत नसे. माझी शाळा चौथीपर्यंतची, ह्यांचा दिवस शिकलेल्या माणसांत जायचा. गाडीपाशी मात्र तसं होत नसे. "अगं, पाना दे." "मोठा की लहान?" एवढ्यावरून सुरू होऊन बोलणं कुठल्या कुठे जायचं.

एका वर्षी थंडी पडली आणि गाडी बिघडली. सकाळी चालू व्हायची, पण ॲक्सिलरेटर दाबला की खोकायची आणि काळा धूर सोडून बंद पडायची. दुपारी उन्हात उभी राहिली की पुन्हा ठणठणीत. त्यामुळे आलमबागच्या मिस्त्रीने तिचं दुखणं कधी पाहिलंच नाही. तो म्हणायचा, "साहब, गाड़ी तो मक्खन है। आप ही सुबह-सुबह डाँटते होंगे इसे।" प्लग बदलले, पेट्रोलची नळी साफ केली, फरक शून्य. शेवटी हे कंटाळले आणि ओळखीच्या एका ठेकेदाराला रविवारी सकाळी बोलावलं. "घेऊन जाऊ दे एकदाची," म्हणाले. पण गाडीबरोबर माझा रविवारही जाणार होता.

त्या रविवारी मी न्हाऊन आले आणि खोबरेलाची बाटली गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवली. आमच्या कोकणात खोबरेलाचा असा दगड होत नाही, ते इथेच पाहिलं. बाटलीतला पांढरा गोळा कडेने सुटत होता, आणि मला एकदम आठवलं. पावसाळ्यात गाडीत घालायचं मशीनचं तेल संपलं, तेव्हा ह्यांनी कार्बोरेटरच्या डोक्यावरचं पितळी झाकण उघडून याच बाटलीतलं तेल आत ओतलं होतं. "पातळ आहे की, चालतंय," म्हणाले होते. ह्यांच्या घरी कुलपापासून पाळण्याच्या कड्यांपर्यंत सगळ्याला खोबरेलच लागायचं.

ओल्या केसांनी तशीच बाहेर गेले. "अहो, ते पितळी झाकण उघडा."

"आता कशाला? तो येईल इतक्यात."

"उघडा तर!"

झाकण फिरलं, पण त्याला जोडलेली काडी वर येईना. गरम पाण्यात पिळलेलं फडकं मी भोवती गुंडाळलं, तेव्हा ती सुटली. पांढऱ्या लोण्यात बुडवून काढल्यासारखी. ॲक्सिलरेटर दाबला की आतला दट्ट्या या तेलातून वर सरकायचा; तोच गोठलेल्या तेलात अडकला होता. हे बघतच राहिले, मग हसत सुटले. "अगं, थंडीत हिचं डोकं गोठवलं मी!"

आतलं सगळं तेल टिपून काढलं आणि माझ्या शिवणयंत्राच्या कुपीतलं तेल घातलं. ठेकेदाराची स्कूटर फाटकात शिरली तेव्हा ह्यांनी ॲक्सिलरेटर दाबला. खोकला नाही, धूर नाही. गाडी अशी गरजली की शेजारच्या बाई गच्चीवर आल्या.

"अरे, यह तो चलती है!" ठेकेदार म्हणाला. "फिर बेच क्यों रहे हैं?"

हे माझ्याकडे बघायला लागले. परक्या माणसासमोर मी कधी तोंड उघडलं नव्हतं.

"नहीं बेचनी," मी म्हणाले.

"अच्छा! तो भाभीजी, एक चक्कर ही लगवा दीजिए।"

"भैया, सीट दोच हैं," मी म्हणाले आणि दार उघडून आत बसले.

छप्पर उघडंच ठेवलं. नाक गारठलं, केस वाऱ्यावरच वाळले. आलमबागला मिस्त्री नुकतंच दुकानाचं शटर वर करत होता. ह्यांनी वेग कमी केला, आणि मी हात लांब करून हॉर्न दाबला.