सावंतांचं "वाच गो बाय"

सावंत डोळे मिटून पॅकेज तपासत. आम्ही जावा भाषेत लिहिलेले प्रोग्रामचे तुकडे, त्यांना लागणाऱ्या लायब्रऱ्या आणि कुठल्या डेटाबेसला जोडायचं हे सांगणारी एक चिमुकली फाइल, असं सगळं एकत्र बांधून त्यांच्या टेबलाशी जायचं. सर्व्हरवर चढवण्याचं काम त्यांचं. ते पॅकेज उघडत, खुर्चीत मागे रेलत आणि म्हणत, "वाच गो बाय." मग ज्याने बांधलं त्यानेच आतलं सगळं मोठ्याने वाचायचं.

परवा ते गेल्याचं त्यांच्या मुलीने कळवलं, म्हणून हे लिहितेय.

अंधेरीच्या त्या ऑफिसात मी पोरं मोठी करून, चाळिशी उलटल्यावर शिरले होते. सहा महिने प्रोबेशन. क्लासचं सर्टिफिकेट पर्समध्ये घेऊन हिंडायचे. न जाणो, लिफ्टमध्ये कुणी विचारलं तर!

"मी काय पहिलीत आहे, सावंत?" एकदा फणकारले.

"पहिलीतली पोरं न सांगता वाचतात," डोळे मिटलेलेच.

प्रोबेशनचा शेवटचा महिना आला आणि गणपतीसाठी सावंत चारकोपच्या घराला कुलूप लावून मालवणला गेले. एका हॉस्पिटलच्या खाटांच्या नोंदींचं माझं काम तयार होतं. आतलं सगळं काय भिंतीला वाचून दाखवू? सकाळी दहाला मी ऐटीत पॅकेज चढवलं आणि चहाला गेले.

परतले तर हॉस्पिटलच्या सिस्टरचा फोन. "मॅडम, आमच्या चार नंबरच्या खाटेवर हे भेंडी पाटील कोण? आणि आमचे पेशंट कुठायत?"

भेंडी पाटील माझे. सरावासाठी मी पेशंटांना भाज्यांची नावं दिली होती. चिमुकल्या फाइलीत सरावाचाच डेटाबेस राहिला होता, आणि खरी आजारी माणसं माझ्या भाजीबाजारात दाखल होत होती.

मालवणला फोन लावला. पलीकडे आरती चाललेली, अलीकडे माझं रडं.

"आधी जुना चढव," सावंत ओरडले. "रडाक मगे येळ आसा!"

जुनं पॅकेज ते कधीच पुसत नसत, तारीख घालून ठेवत. ते चढवलं. मधल्या नोंदी सिस्टरने फोनवर एकेक सांगितल्या, मी भरल्या. कुणाचं काही बिघडलं नाही.

सावंत परतल्यावर मीटिंग. "कुणी चढवलं?" साहेबांनी विचारलं. दोष सर्व्हरवर ढकलायचा असं मी घरून ठरवून आले होते. समोर सावंत बसलेले, डोळे सताड उघडे.

"मी," म्हटलं. "न वाचता."

"हिला यापुढे सर्व्हरला हात लावू देऊ नका," साहेब सावंतांना म्हणाले. नोकरी गेलीच म्हणून मी पर्स आवरायला घेतली.

"पुढचं पॅकेज हीच चढवेल, साहेब," सावंत म्हणाले. "हिची चूक करून झालीये. बाकीच्यांची अजून व्हायचीये."

साहेबांनी मान डोलावली. पुढचं पॅकेज मी सावंतांनी न सांगताच मोठ्याने वाचलं, पण हे माझ्या घरी कुणीही खरं मानणार नाही.