दोन फोटोंमधला अंधार

कॅमेऱ्याची नळी पोटात घालायच्या आधी डॉक्टरांनी हलवली, तर टोकाचा उजेड ठिपक्याठिपक्यांनी पळाला. मी पडलो अडाणी. म्हटलं, "साहेब, दिवा बिघडलाय!"

"नाही काका. तो सेकंदात कितीतरी वेळा पेटतो; पेटतो तेवढ्यात कॅमेरा फोटो घेतो, की लगेच विझतो."

"आणि विझल्यावर?"

"आता आ करा."

नंतर म्हणाले, "गाठबीठ काही नाही." बायकोनं तिथंच हात जोडले. माझ्या बापाला गाठीनंच नेलं होतं.

जन्मात माझे एवढे फोटो कुणी काढले नव्हते, अन् एकातही हे थोबाड नाही!

पण मधला अंधार डोक्यातून जात नाही. बाप आम्ही बघत असलो की हसायचा, पाठ फिरवली की पोट धरायचा.

काल बायकोनं विचारलं, "दुखत नाही ना?"

मी हसलो. तिनं पाठ फिरवली.